तंगुसाला बाटली नको, सावली पाहिजे



आज कपाशी-संत्र्याचं नाही, तंगुसाचं लिहितो. तंगूस म्हणजे गरीला बांधतात तो नायलॉनचा दोरा. ज्यांच्या शेततळ्यात रोहू, कटला, मिरगल सोडले आहेत, त्यांच्याकडे आता रविवारी नागपूरची शौकीन मंडळी रॉड घेऊन येतात. गावातले पोट्टेही मोबाईलवर पाहून रॉड-रील घेऊन राहिले. त्यांच्या पिशवीत एक नवी वस्तू दिसते, दोऱ्यावर मारायच्या स्प्रेची बाटली. तिला लाइन कंडिशनर म्हणतात. दोरा मऊ राहतो, गुंता होत नाही, फेक लांब जाते, दोऱ्याचं आयुष्य वाढते, असं त्याबद्दल सांगतात. बरेच जण विचारतात, घ्यावा का? तळ्याला काही अपाय होतो का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. हा स्प्रे फसवा नाही, पण त्याचं काम लहान आहे. तो दोरा गुळगुळीत करतो, तेही थोड्या वेळापुरतं. उन्हानं गेलेली ताकद तो परत आणत नाही. दोरा टिकवायचा असेल तर साधं पाणी, सावली आणि वेळेवर बदलणं, या तीन गोष्टी बाटलीपेक्षा भारी आहेत. ही गोष्ट एका दोऱ्यापुरती असती तर मी लिहिलं नसतं. पण आधी बाटली घ्यायची आणि मंग रोग शोधायचा, ही सवय आपल्या शेतातही शिरली आहे. म्हणून जरा खोलात जाऊ.

दोऱ्याला औषध लावणं नवीन नाही

नायलॉन आपल्या आजोबाच्या काळात नव्हतं. अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोथर्स या शास्त्रज्ञाच्या चमूनं ते 1935 साली तयार केलं आणि 1938 साली ते बाजारात आलं. त्याआधी मासेमारीचं बरंच काम सुतावर आणि सणाच्या दोरीवर चालायचं. सूत काय आणि सण काय, दोन्ही झाडाचीच वस्तू. पाण्यात राहिली की सडते. पऱ्हाटी पाण्यात कुजते तशीच.

मंग जुनी माणसं काय करायची? कोकणात ऐनाची साल उकळून त्या काढ्यात सुती जाळी बुडवायचे. सालीतला तुरट अंश धाग्यात मुरला की कुजवणारे जिवाणू त्याला लवकर खात नाहीत. आपल्याकडे भंडारा-गडचिरोलीच्या जंगलात ज्या येनावर ढिवर बांधव कोसा पाळतात, तेच हे झाड. चामडं कमावायलाही असाच सालीचा तुरट अंश लागतो.

म्हणजे दोऱ्यावर काहीतरी लावणं ही काही शहरातल्या लोकांची नवी टूम नाही. फरक एवढाच, की जुन्या माणसाला रोग माहीत होता. रोग सडण्याचा होता, औषध न सडण्याचं होतं. नायलॉन सडत नाही. त्याचे रोग वेगळे आहेत. ते चार आहेत, आणि बाटली त्यातल्या कोणत्या रोगावर चालते हे एकेक करून पाहू.

पहिला रोग: वेटोळे

रिळावर महिनोन्‌महिने गुंडाळून ठेवलेला तंगूस बाहेर काढला की स्प्रिंगसारखा वळतो. मंग फेकताना गुंता होतो. ठिबकच्या नळीचं नवीन बंडल सोडलं की ती सरळ पडत नाही, पुन्हा पुन्हा गोल होते, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तीच गोष्ट. बंडल आपण थोडा वेळ उन्हात पसरून ठेवतो, नळी नरम येते, मंग ओढून अंथरतो.

तंगुसाला ऊन द्यायची गरज नाही, पाणी द्या. नायलॉन पाणी पिते. पाणी आत गेलं की ते आतून नरम पडते आणि वेटोळे ढिले होतात. रीळ रात्री साध्या पाण्याच्या बादलीत ठेवा. सकाळी दोऱ्याचं टोक झाडाला बांधा, पन्नास पावलं मागं जा आणि हळूहळू ताणून धरा. झटका द्यायचा नाही. दोरा बराच सरळ येतो. स्प्रेनंही दोरा जरा नरम वाटतो, पण इथं बादलीचं काम बाटलीपेक्षा कमी नाही. आणि बादली आपल्या घरी आहेच.

लहान रिळावर जाड तंगूस भरला तर वेटोळे जास्तच येणार. त्यावर औषध नाही, मोठं रीळ किंवा बारीक तंगूस हाच उपाय.

दुसरा रोग: घासणे

इथं बाटलीला तिचं श्रेय दिलं पाहिजे. रॉडच्या कड्यांमधून दोरा दर फेकीला घासत जातो. गढूळ पाण्यातली माती, शेवाळ त्याला चिकटते. बहुतेक कंडिशनरमध्ये सिलिकॉन किंवा तसलंच वंगण असते. त्याचा पातळ थर बसला की दोरा कड्यातून सुळकन जातो. फेक थोडी लांब जाते, गुंता कमी होतो. ज्यांना स्पर्धेत दूरवर फेकायचं आहे त्यांना याचा उपयोग आहे, मी नाही म्हणत नाही.

पण हा थर पाण्यानं आणि घासण्यानं निघून जातो. पुन्हा मारा, पुन्हा जातो. आणि आधीच मळलेल्या दोऱ्यावर मारलं तर माती तशीच खाली राहते, वर तेल. गाडीच्या साखळीला धुळीसकट ग्रीस लावल्यासारखं. म्हणून मारायचंच असेल तर आधी साध्या पाण्यात दोरा धुवा, ओल्या फडक्याच्या चिमटीतून ओढून काढा, सुकू द्या, मंग थोडंसं मारा. अर्धा फायदा त्या फडक्यानंच होतो, हे करून पाहिल्यावर कळेल.

दोरा कुठं खरचटला आहे हेही फडक्यातून ओढताना बोटांना लागते. जिथं खरखर लागली तिथून पुढचा तुकडा कापून टाका आणि गरी नवीन बांधा. खरचटलेल्या जागेवर वंगण मारलं तर ती बोटाला कळणार नाही, पण मोठा कटला लागला की तिथूनच तुटेल. बाटलीचा खरा तोटा मला हा वाटतो. ती दुखणं झाकते.

तिसरा रोग: गाठ

मासोळी जाते ती बहुतेक वेळा गाठीतून. आखा दोरा मजबूत असला तरी गाठ ही त्याची सगळ्यात कमजोर जागा. कोरडी गाठ जोरात आवळली की दोऱ्यावर दोरा घासून गरम होतो आणि तिथंच नायलॉन दुखावते. म्हणून जुने लोक गाठ तोंडात धरून ओली करतात, मंग हळू आवळतात. थुंकी किंवा पाणी पुरे.

गाठ मारायच्या जागी स्प्रे मारू नका. जी वस्तू दोरा कड्यातून सरकावते ती गाठही सरकवू शकते.

एक बाब आणखी. भिजल्यावर नायलॉन थोडी ताकद गमावते, साधारण दहा-पंधरा टक्के. सुकलं की ती परत येते. म्हणून दहा किलोचा तंगूस तळ्यात दहा किलोचाच राहील असं समजू नका. वरचा पातळ थर हे पाणी आत जाणं थांबवत नाही.

चौथा रोग: ऊन

हा सगळ्यात मोठा आणि आपल्या भागाचा खास रोग. नागपूरचा मे महिना काय असतो ते मी सांगायला नको, पारा 45 च्या वर जातो. उन्हातले अतिनील किरण नायलॉनच्या लांब साखळ्या तोडतात. दोरा पांढुरका, खरखरीत, ठिसूळ होतो. शेताच्या कुंपणाला बांधलेली नायलॉनची दोरी दोन-तीन उन्हाळ्यांत हातात भुगा होऊन येते, ती याच कारणानं.

आता कृषीवाल्या मंडळींना माझा मुद्दा लगेच पटेल. ठिबकची नळी काळी काहून असते? तिच्या प्लास्टिकात काजळी मिसळलेली असते, ती अतिनील किरण आत जाऊ देत नाही. शेडनेट, पॉलिहाऊसचा कागद, शेततळ्याची पन्नी घेताना आपण विचारतो, यूव्ही आहे का? म्हणजे उन्हापासून वाचवणारी वस्तू कारखान्यात माल वितळलेला असतानाच मिसळली आहे का? कोणी असं म्हणते का, की साधी पन्नी आणू आणि वरून दर महिन्याला स्प्रे मारू? नाही म्हणत. मंग दोऱ्याच्या बाबतीत हे काहून पटते?

काही बाटल्यांवर उन्हापासून संरक्षण असं लिहून असते. थर बसलेला असेपर्यंत काही अंश मदत होत असेल तर होवो. पण तुटलेली साखळी कोणत्याही फवाऱ्यानं पुन्हा जुळत नाही. वाळून गेलेल्या झाडाच्या पानावर टॉनिक मारण्यासारखं आहे ते.

खात्री करायला एक सोपा प्रयोग आहे, मी केला आहे, तुम्हीही करा. एकाच रिळाचे तीन तुकडे घ्या. एक घरात सावलीत ठेवा. दोन एक उन्हाळाभर कुंपणावर टांगा. पाऊस लागायच्या आधी उतरवा. उन्हातल्या दोनपैकी एकाला स्प्रे मारून रात्रभर ठेवा. मंग प्रत्येक तुकड्याला रिकामी बादली बांधून आंब्याच्या फांदीला टांगा आणि तांब्यानं पाणी ओतत जा. किती तांबे झाल्यावर तुटते ते मोजा. गाठ तिन्हीला सारखीच मारा, नाहीतर प्रयोग गाठीचा होईल. माझ्याकडे उन्हातले दोन्ही तुकडे सावलीतल्याच्या कितीतरी आधी तुटले. फवारलेला हाताला मऊ लागत होता, एवढाच फरक. मऊ म्हणजे मजबूत नाही.

म्हणून माझ्या मते दोऱ्याचं सगळ्यात चांगलं कंडिशनर म्हणजे घरातली खुंटी. रॉड मोटारसायकलला, गाडीच्या काचेमागं, तळ्याच्या झोपडीवर उन्हात पडू देऊ नका. काम झालं की साध्या पाण्यानं धुवा, सावलीत सुकवा, अंधाऱ्या कोपऱ्यात टांगा. कीटकनाशक आणि खताच्या पोत्यांपासून दूर.

मामा तलावांवर पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकणारे ढिवर बांधव पाहा. कोहळी समाजानं गोंड राजांच्या काळात बांधलेले पूर्व विदर्भातले ते माजी मालगुजारी तलाव. त्यांच्यावर जगणाऱ्या माणसाला जाळं तुटलं की चूल थांबते. जाळं झटकणं, गाळ धुणं, फाटलं तिथं त्याच दिवशी विणणं, सुकलं की गुंडाळून ठेवणं, हेच त्याचं कंडिशनर. ज्याचं पोट दोऱ्यावर आहे त्याची रीत आधी पाहावी, जाहिरात नंतर.

सगळे दोरे एक नाहीत

दुकानात तीन प्रकार मिळतात. साधा नायलॉन, त्याबद्दल वर लिहिलं. दुसरा विणलेला, ज्याला ब्रेड म्हणतात. तो पॉलिथिलीनच्या जातीचा, पाणी पीत नाही, पाण्यावर तरंगतो, वेटोळे जवळजवळ धरत नाही. त्याला भिजवून नरम करायचा प्रश्नच नाही. तिसरा फ्लोरोकार्बन, पाण्यात बुडतो, उन्हाला चांगला टिकतो, पण जरा कडक. तिघांना एकच बाटली एकच फायदा देईल असं कोणी म्हणत असेल, तर मला ते सगळ्या पिकांवर चालणाऱ्या टॉनिकसारखं वाटते. कपाशीलाही तेच, संत्र्यालाही तेच, कांद्यालाही तेच.

घरगुती जुगाड करू नका

आता महत्त्वाची गोष्ट. बाटली महाग वाटली म्हणून काही पोट्टे आपल्या फवारणीच्या सामानातलं सिलिकॉनचं स्टिकर दोऱ्याला लावायच्या गोष्टी करतात. नाव एक, पण काम उलटं. दोऱ्यावरचं सिलिकॉन तेल पाणी झटकते. फवारणीतलं सिलिकॉन स्प्रेडर पाण्याचा थेंब पानावर पसरवते, म्हणजे पाणी चिकटवते. दोऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. आणि असे पसरवणारे द्रव मासोळीच्या कल्ल्यांना घातक असतात. कल्ला म्हणजे तिचं फुफ्फुस, तिथंच ते बसते.

त्याहून वाईट म्हणजे कीटकनाशकाच्या रिकाम्या स्प्रे बाटलीत काही भरून मारणं. सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन यांच्या अगदी थोड्या अंशानंही मासोळ्या मरतात. फवारणीचा हात धुतल्याशिवाय गरीला, आमिषाला लावू नका. डिझेल, गाडीचं जुनं ऑईल हेही तळ्याजवळ नको. तेलाचा तवंग पाण्यावर पसरतो आणि ते पाणी आपलीच गुरं पितात.

कंपनीचं कंडिशनर असलं तरी पाण्याच्या काठावर मारू नका. घरी, आदल्या रात्री, फडक्यावर घेऊन दोऱ्याला पुसा. तळ्यात जाणारं कमी, वाया जाणारंही कमी. ज्या बाटलीवर आत काय आहे ते लिहून नाही, ती माझ्या तळ्यावर मी उघडू देत नाही. कीटकनाशकाच्या डब्यावर निदान रंगीत त्रिकोण तरी असतो, लाल सगळ्यात जहाल आणि हिरवा सगळ्यात सौम्य. इथं तोही नाही.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. ती आठवण अजून जात नाही. दोऱ्याचा स्प्रे आणि ते जहर एका तोलाचे नाहीत, हे मला कळते. पण आत काय आहे हे न वाचता, दोन-तीन वस्तू अंदाजानं मिसळून मारायची सवय तीच आहे. सवय लहान वस्तूपासून मोडावी लागते.

फेकलेला दोरा

बाटलीवर कुठंच लिहून नसते ती गोष्ट शेवटी. दोरा निकामी झाला की जातो कुठं? बहुतेक वेळा तळ्याच्या बांधावर. संक्रांतीला नागपुरात नायलॉन मांजानं माणसांचे गळे चिरतात, पाखरं लटकतात, हे दरवर्षीचं आहे. राष्ट्रीय हरित लवादानं 2017 च्या जुलैत त्यावर देशभर बंदी घातली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. तो मांजा आणि आपला तंगूस भाऊ-भाऊच आहेत. मांजाविरुद्ध बोलायचं आणि बांधावर तंगुसाचा गुंता सोडून यायचं, हे जमत नाही. बगळ्याच्या पायात तो अडकतो. चाऱ्यासोबत गाईच्या पोटात गेला तर तिथं गोळा होऊन बसतो. वखराच्या पासेला, रोटाव्हेटरच्या शाफ्टला गुंडाळला तर काढता काढता दिवस जातो.

म्हणून माझ्या शेततळ्यावर नियम तीन. आणला तेवढा दोरा परत न्यायचा, तुकडेसुद्धा. निकामी दोरा वीतभर तुकडे करून झाकणाच्या बाटलीत भरायचा, जाळायचा नाही. आणि पन्नी टाकलेल्या तळ्यात गरी तळाला अडकली तर ओढायचं नाही, दोरा कापायचा. गरी दोन रुपयांची जाईल, पन्नीला भोक पडलं तर आखं तळं रिकामं होईल. गावतलावावर गरी टाकायची असेल तर आधी विचारा. बहुतेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांच्या ठेक्यात असतात, त्यातली मासोळी त्यांची असते.

शौकीन मंडळींनी बाटली घेतली म्हणून मी कोणाला हसणार नाही. त्यांचा पैसा, त्यांची हौस. पण आपल्या शेतकरी पोट्ट्यानं पहिल्या शंभर-दोनशे रुपयांत काय घ्यावं असं विचाराल, तर नवीन तंगूस घ्यावा आणि जुना उतरवावा. बाटली त्यानंतर, उरले तर.

आणि कोणतीही बाटली, मंग ती दोऱ्याची असो की कपाशीची, घेताना दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. रोग कोणता? आत काय आहे? आणि हे नाही घेतलं तर काय बिघडते? तिन्हीची सरळ उत्तरं मिळाली तर घ्या. नाही मिळाली तर बादली, फडकं आणि खुंटी घरी आहेच.